रेजिनाबायचे पौंड

गास गावात लग्न जमवताना मुलाचा पगार नंतर विचारतात. आधी विचारतात, "रेजिनाबायकडे कितीचा झालेला?" उत्तर पौंडात द्यायचं असतं. नऊ म्हटलं की पुढची बोलणी सरळ होतात. आठ म्हटलं तर "पण नंतर तब्येत धरली हं त्याने" असं मुलाच्या आईला जोडावं लागतं. सात म्हटलं तर मुलगा कॅनडात असावा लागतो.

सरकारने जुनी मापं काढून किलो आणला, त्याला साठ वर्षं उलटली. गासची केळी किलोने जातात, मोगरा किलोने जातो, रद्दीसुद्धा किलोने जाते. माणूस तेवढा अजून पौंडाने जन्मतो. आता बाळंतपणं शहरातल्या हॉस्पिटलात होतात, तिथले डॉक्टर किलो सांगतात, पण पोर गावाच्या वेशीत येईपर्यंत कोणीतरी मोबाइलवर त्याचे पौंड करून ठेवलेले असतात. ही सवय गावाला रेजिनाबायने लावली.

रेजिनाबाय आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. ठेंगण्या, रुंद मनगटांच्या, अंगाला अजून डेटॉलचा वास आहे अशी शंका यावी इतक्या स्वच्छ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मस्कतला असते. बाविसाव्या वर्षी त्या चर्चच्या सिस्टरांच्या प्रसूतिगृहात मदतनीस म्हणून लागल्या आणि छत्तीस वर्षं तिथेच राहिल्या. कागदावर त्या शेवटपर्यंत मदतनीस होत्या. गावाने मात्र पहिल्याच वर्षी त्यांना नर्सबाय करून टाकलं. आसपासच्या चार-पाच गावांतली, ख्रिस्ती आणि हिंदू मिळून, काही हजार माणसं त्यांच्या हातावर आली. त्यामुळे रेजिनाबाय सरपंचापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करतात. ज्याला तोललं त्याला अहो-जाहो काय करायचं, असं त्यांचं म्हणणं.

प्रसूतिगृहात वजन दोनदा होई. एकदा आत, सिस्टर डॉक्टर करत. बाळ उघडं, काटा किलोचा, आकडा रजिस्टरात. तो आकडा बाळाच्या आईला सांगत, आणि ती दमलेली असल्यामुळे विसरून जाई. खरं वजन बाहेर व्हरांड्यात होई. तिथे बाप, आजे, काके आणि वाटेने जाता जाता थांबलेली मंडळी बाकांवर बसलेली असत. गावची रीत अशी की बाळाला पहिलं वस्त्र नवं घालायचं नाही. बापाच्या आईच्या लुगड्यात गुंडाळूनच त्याला लोकांपुढे आणायचं. रेजिनाबाय ते गाठोडं घेऊन येत आणि काट्यावर ठेवत. काटा इंग्लंडहून आलेला. घड्याळासारखा गोल चेहरा, वर पितळेची परात, चेहऱ्यावर पौंड आणि औंसांच्या रेघा. सुई हलायची थांबली की रेजिनाबाय, चर्चमध्ये बायबलातल्या पत्राचं वाचन करावं तशा आवाजात, आकडा सांगत. व्हरांडा तो ऐके, आणि संध्याकाळपर्यंत तो गावभर होई.

परातीच्या खाली, काट्याच्या चेहऱ्यावर मधोमध, इंग्रजीत 'एल बी' अशी दोन अक्षरं होती. त्यांचा अर्थ 'लिटल बेबी' असा गावाचा समज होता. तो समज प्लासिड मास्तरांनी मोडला, आणि गेली तीस वर्षं ते तो मोडतच आहेत.

मास्तर निवृत्त इंग्रजीचे शिक्षक. गावातली इंग्रजी पत्रं तेच लिहितात. त्यांचा जन्म रेजिनाबाय कामाला लागण्याआधीचा, घरी, सुईणीच्या हातचा. त्यांना कोणी तोललं नाही. म्हणून रेजिनाबाय त्यांना 'तुम्ही' म्हणतात. मास्तरांना हा मान टोचतो. स्वतःचे पौंड नसल्यामुळेच बहुधा त्यांनी पौंडाच्या कुळाचा अभ्यास केला.

बाप्तिस्म्याच्या जेवणात, मयताच्या कॉफीत, कुठेही विषय निघाला की मास्तर सुरू होत. "रोमन लोक म्हणायचे 'लिब्रा पोंदो'. लिब्रा म्हणजे तराजू, आणि त्यावरचं एक ठरलेलं माप. पोंदो म्हणजे वजनाने. इंग्रजाने काय केलं, बोलायला पोंदो घेतलं, त्याचं झालं पौंड. लिहायला लिब्रा घेतलं, त्याचं झालं एल बी. अर्धा शब्द तोंडात, उरलेला कागदावर." मग पैशाच्या पौंडाची खूण येई. ती म्हणजे त्याच लिब्राचा एल, पोटात रेघ मारलेला, कारण एके काळी पौंडभर चांदीतून दोनशे चाळीस नाणी पाडत. मोकाट गुरं कोंडायच्या जागेलाही इंग्रजीत पौंडच म्हणतात, पण त्याचं घराणं वेगळं, आपला त्याच्याशी संबंध नाही, असं मास्तर सोयरिकीच्या सुरात सांगत. पेन्शन मात्र सख्खी. रोमन लोक पैसे तोलून देत, म्हणून तोलण्याच्या क्रियापदातून पेन्शन निघाली. आणि आपल्या आजोबांचा रतल? तो अरबांचा. पोर्तुगिजांनी अर्रातेल म्हणून उचलला, आपण रतल म्हणून. इंग्रज आपला पौंड घेऊन आला तेव्हा त्याच्यासाठी इथे नाव तयारच होतं.

"आणि एक लक्षात ठेवा," मास्तर शेवटी बोट वर करत. "पोंदो म्हणजे नुसतं 'वजनाने'. कशाच्या वजनाने, ते शब्द सांगत नाही."

हे वाक्य मास्तरांनी अंदाजे चारशे वेळा उच्चारलं असेल. त्याचा काही उपयोग असू शकतो असं त्यांच्याही मनात आलं नाही.

एकदा त्यांनी सांगितलं की सोनाराचा पौंड बारा औंसांचा आणि वाण्याचा सोळा औंसांचा, त्यामुळे पौंडभर सोनं पौंडभर कापसापेक्षा हलकं भरतं. तेव्हा पंगतीतून आग्नेल म्हणाला, "मास्तर, म्हणजे मला सोनाराच्या पौंडात धरलं असतं तर?" मास्तरांनी पेपर नॅपकिनवर गणित करून "पावणेतेरा" असं उत्तर काढलं. आग्नेलने तो नॅपकिन घडी करून खिशात ठेवला.

हा आग्नेल म्हणजे गावचा विक्रम. साडेदहा पौंड. रेजिनाबायच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी झाला आणि त्यानंतर कोणी त्याच्या जवळपास आलं नाही. आज पंचावन्न वर्षांचा आहे, केळीची मोठी वाडी आहे, गावच्या समितीचा अध्यक्ष आहे. लोकांच्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर 'आग्नेल साडेदहा' या नावाने आहे. समितीत कोणी मुद्दा काढला तर आग्नेल वाद घालत नाही, फक्त "तू कितीचा?" असं विचारतो.

त्याच दिवशी, त्याच व्हरांड्यात, शेजारच्या वाडीतला हरेश्वर झाला. आठ पौंड. एकाच दिवशी, एकाच काट्यावर, अडीच पौंडांचा फरक. शाळेत हरेश्वर 'अडीच कमी' होता. वाऱ्याने त्याच्या केळी पडल्या तेव्हा आग्नेल बांधावर उभा राहून म्हणाला, "मुळात बियाणंच हलकं." हरेश्वर हसला. पंचावन्न वर्षं तो हसतोच आहे. दुसरं काय करणार, आकडा रेजिनाबायचा होता.

आणि मग आग्नेलच्या मुलाला, शेल्डनला, मुलगी झाली. एव्हरशाईन सिटीतल्या एका हॉस्पिटलात. नॅन्सी, म्हणजे शेल्डनची बायको, बोरिवलीला एका बँकेत आहे. नवव्या महिन्याच्या मध्यापर्यंत कामाला जात होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "मुलगी छान आहे. दोन किलो नऊशे."

आग्नेलने मोबाइलवर हिशेब केला. सहा पौंड, सहा औंस. त्याने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

घरी बर्थाने, म्हणजे आग्नेलच्या बायकोने, दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी पेज वाढताना म्हणाली, "आमच्या घराण्यात नऊच्या खाली कोणी नाही गो."

"मम्मी, डॉक्टर बोलले वेट नॉर्मल आहे," नॅन्सी म्हणाली.

"डॉक्टरांना काय. ते फ्लॅटवाल्यांची पोरं बघतात. तू सातव्या महिन्यापासून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचीस. लॅपटॉप चांगला भरलाय. पोर नाही भरली."

शेल्डनने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि पंख्याचा वेग वाढवला.

आठवडाभरात निर्णय झाला. नॅन्सीने नोकरी सोडायची. आधीच पोर अशी, त्यात सहा महिन्यांनी आई बँकेत जाऊन बसली तर उरलीसुरलीही वाळेल. राजीनाम्याचा इंग्रजी मसुदा आग्नेलने मास्तरांना सांगितला. मास्तरांनी तो सुंदर लिहिला. 'विथ प्रोफाउंड रिग्रेट' असे शब्द घातले आणि कुठल्या शब्दाचं मूळ कुठलं हे आग्नेलला समजावूनही दिलं. खाली सहीसाठी जागा सोडली. ती नॅन्सीची आहे, एवढाच तिचा त्या पत्राशी संबंध.

एक आशा होती. हॉस्पिटलचा काटा बॅटरीवरचा. "बॅटरी उतरली की वजन उतरतं," आग्नेल म्हणाला. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर गावच्या हॉलात रेजिनाबायचा सत्कार ठरलेला होता: शाल, मानपत्र, आणि त्यांचा काटा कायमचा हॉलातल्या काचेच्या कपाटात. त्याच कार्यक्रमात पोरीला खऱ्या काट्यावर ठेवायचं. आठ भरली तर प्रश्न मिटला. नाही भरली तर सोमवारी पत्र जाणार. सगळ्यांना हे न्याय्य वाटलं. नॅन्सीला काय वाटलं हे विचारायचं राहून गेलं.

शनिवारी दुपारी मास्तर मानपत्र दाखवायला रेजिनाबायकडे गेले. त्या ओटीवर चिंचेने परात घासत होत्या. काचेच्या कपाटाचं माप घ्यायला सुतार आला होता त्या दिवशी त्यांनी त्याला दोनदा चहा दिला होता. मागच्या बाजूला निळी मखमल लावशील का, असंही विचारलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

मास्तरांनी मानपत्र वाचलं. मग बोलता बोलता पत्राचं सांगितलं.

"पोरगी काय म्हणते?" रेजिनाबायने विचारलं.

"पोरगी बारा दिवसांची आहे."

"तिची आई हो."

"तिला विचारलेलं नाही अजून."

रेजिनाबायने परात पाण्यातून काढली. "मास्तर, उद्या ती साडेसहाच भरणार. बर्था लुगडं कुठे नेसते. मॅक्सी घालते. पोर झबल्यात आणतील."

"मग?"

"मग काय. झबल्याचं वजन ते किती."

मास्तरांना हे कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाय, तुम्ही लुगड्याचं वजन कधी वजाच नाही केलं?"

"मला कोणी सांगितलं वजा कर म्हणून?"

"पण म्हणजे हे सगळे नऊ पौंडी, दहा पौंडी..."

"दहा वार लुगडं असतं मास्तर. साधं सुती धरलं तरी दीड पौंड. जरीकाठी असलं तर बोलू नका. आग्नेलच्या आजीने लग्नाचं आणलेलं. मला उचलताना मनगट दुखलं होतं."

"छत्तीस वर्षं तुम्ही हे लपवून ठेवलंत?"

"लपवलं कुठे? लुगडं सगळ्यांना दिसत होतं. पोर तेवढी दिसत नव्हती."

रेजिनाबाय परात फडक्याने पुसत राहिल्या, आणि मग त्यांनी न विचारता सांगितलं. सुरुवातीला त्यांनाही ते कळलं नव्हतं. आग्नेल आणि हरेश्वर झाले त्या दिवशी कळलं. हरेश्वरची आजी आधीच वारलेली, घरात लुगडंच नव्हतं, त्यांनी त्याला उघडा परातीत ठेवला. आठ. तासाभराने आग्नेल जरीच्या गाठोड्यातून आला. साडेदहा. आग्नेलच्या आईला चाळीस दिवस कोंबडीचं सूप मिळालं. हरेश्वरच्या आईला सासऱ्याने व्हरांड्यातच विचारलं, नऊ महिने खाल्लेलं गेलं कुठे. आणि बाराव्या दिवशी ती पानवेलीला पाणी घालत होती.

"पुढच्याच महिन्यापासून मी माझी दोन जाड लुगडी कपाटात ठेवली," रेजिनाबाय म्हणाल्या. "जिच्याकडे काही नसेल तिच्या पोराला त्यात गुंडाळायचे. आत सिस्टर खरं लिहीत होत्या. औषध त्या वजनावर. बाहेर मी सांगत होते. सूप माझ्या वजनावर."

मास्तरांना एका क्षणी पाणी मागावंसं वाटलं. मागितलं नाही. "हे उद्या बोलू नका बाय. निदान सोमवारपर्यंत. मानपत्रात मी 'सत्यनिष्ठ काटा' असं लिहिलंय. लॅमिनेशन झालंय."

"तुमचं ते पत्र कधी जाणार?"

"सोमवारी सकाळी."

"मग सोमवारी बोलून काय करू?"

संध्याकाळी त्यांनी बर्थाला निरोप धाडला: पोरीला रीतीप्रमाणे तोलायचं, तर आग्नेलच्या आजीचं ते लुगडं घेऊन या. बर्थाला भरून आलं. रेजिनाबायला अजून आपल्या घराण्याची आठवण आहे, असं ती शेजारी दोन घरांत सांगून आली.

रविवारी हॉल भरला. स्टेजवर टेबल, टेबलावर काटा, मागे रिकामं काचेचं कपाट आणि त्यात निळी मखमल. माइक आग्नेलच्या हातात. त्याने रेजिनाबायची ओळख करून दिली, तिला स्वतःची साडेदहा पौंडांची गोष्ट जोडली, आणि हल्लीच्या पिढीचं खाणंपिणं या विषयाकडे वळला. नॅन्सी पहिल्या रांगेत पोरीला घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही.

"चला, बाय. प्रात्यक्षिक," आग्नेल म्हणाला.

रेजिनाबायने पोरीला नॅन्सीकडून घेतलं, झबलं काढलं आणि परातीत ठेवलं. सुई थांबली. आवाज तोच होता, वयाने किंचित कोरडा झालेला.

"सहा पौंड, आठ औंस."

हॉलात कुजबुज झाली. बर्थाने नॅन्सीकडे बघितलं. आग्नेलने माइक तोंडाजवळ नेला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, "ऐकलं सगळ्यांनी. बॅटरीचा दोष नव्हता."

रेजिनाबायने पोर आईकडे परत दिली. मग टेबलावरचं जरीचं लुगडं घडीसकट उचललं आणि रिकाम्या परातीत ठेवलं. परात खाली गेली. कोणाला काही कळलं नाही. काहींना वाटलं, पूजा असावी.

"दोन पौंड, दहा औंस," त्या त्याच आवाजात म्हणाल्या. मग आग्नेलकडे वळल्या. "तू यात आलास. साडेदहा. मास्तर, वजा करा."

मास्तरांपुढे कागद म्हणून फक्त लॅमिनेशन केलेलं मानपत्र होतं. त्यावर पेन चालेना. त्यांनी बोटांवर केलं. "सात पौंड, चौदा औंस," ते म्हणाले, आणि शेजारी आग्नेलच्या हातातला माइक चालूच असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"सगळ्यांचं असंच आहे," रेजिनाबाय म्हणाल्या. "ज्याने त्याने आपलं लुगडं आठवावं. ही पोर साडेसहाची आहे, ती उघडी साडेसहाची आहे. चांगली आहे. तिच्या आईने काही कमी केलेलं नाही."

चौथ्या रांगेतून हरेश्वर उठला. "बाय, माझं काय?"

"तुझी आजी नव्हती. तू उघडाच होतास."

"म्हणजे आठ ते आठच?"

"आठच."

हरेश्वरने मास्तरांकडे पाहिलं. "सर, आठातून सात-चौदा गेले की किती उरतात?"

"दोन औंस," मास्तर म्हणाले. सवय, दुसरं काय.

"दोन औंस पुढे," हरेश्वर शांतपणे म्हणाला, "पंचावन्न वर्षं." पण तो खाली बसला नाही.

आता आग्नेलचं काय होणार असं हॉलाला वाटलं. आग्नेल समितीचा अध्यक्ष उगाच नव्हता. त्याने माइक नीट धरला. "मंडळी, लुगडं धरायचं की नाही हा प्रश्नच नाही. लुगडं ही आपली रीत आहे. आपल्या आज्यांचा आशीर्वाद आहे. आशीर्वाद कोणी वजा करतं का?"

टाळ्या पडल्या. आधी पुढच्या रांगेत, जिथे नऊ पौंडी बसले होते, मग मागे. हॉलातल्या प्रत्येकाला आपापलं वजन परत मिळत होतं. टाळी न वाजवायला कारण नव्हतं.

"बाय, पोरीला लुगड्यात घाल," आग्नेल म्हणाला.

"आग्नेल, पोर साडेसहाचीच आहे रे."

"तू दमलीस बाय. बस तू. बर्था, ये इकडे."

बर्थाने पोरीला जरीत गुंडाळलं. नाकाचा शेंडा तेवढा बाहेर राहिला. गाठोडं परातीत ठेवलं. रेजिनाबाय बसल्या नव्हत्या, पण आकडाही सांगत नव्हत्या. शेवटी आग्नेलनेच वाकून वाचला.

"नऊ पौंड, दोन औंस."

बर्था रडली. दोन बायांनी तिला धरलं. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आजोबावर गेलीय." टाळ्या थांबल्यावर, उभ्याउभ्याच, हरेश्वर म्हणाला, "मग तो आशीर्वाद मलाही धरा की. आठ आणि दोन-दहा. किती झाले, सर?"

"दहा पौंड, दहा औंस," मास्तर म्हणाले.

"म्हणजे परत दोन औंस."

आग्नेलने माइक बंद केला.

शाल दिली गेली. मानपत्र वाचलं गेलं. 'सत्यनिष्ठ काटा' या शब्दांशी मास्तरांना खोकला आला, पण ते तसेच पुढे गेले. स्टेजवरून उतरताना आग्नेलने त्यांना बाजूला घेतलं. "ते पत्र राहू द्या. नऊ पौंडांच्या पोरीच्या आईने नोकरी का सोडायची? लोक म्हणतील काय झालं." मास्तरांनी पत्र खिशातून काढून त्याच्यापुढे धरलं. आग्नेलने हात मागे घेतला. मग मास्तरांनी ते नॅन्सीला दिलं. नॅन्सीने उभ्याउभ्या सगळं वाचलं, पोरीला दुसऱ्या हातावर घेतलं आणि म्हणाली, "सर, 'प्रोफाउंड रिग्रेट' कोणाला होतं?" मास्तरांना या शब्दाचं मूळ माहीत होतं. उत्तर माहीत नव्हतं.

मग ती रेजिनाबायजवळ गेली. त्या लुगड्याची घडी घालत होत्या.

"आंटी, लसीच्या फाइलमध्ये वजन लिहायचंय. कुठलं लिहू?"

"डॉक्टरने सांगितलंय ते. दोन किलो नऊशे. औषध त्यावर देतात."

"आणि घरी?"

"घरी तू काही सांगू नकोस. घरी ते आता आपलं आपणच सांगतील."

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक झाली. काट्याबाबत गावात मतभेद असल्याने काचेचं कपाट तूर्त फुटबॉलच्या ट्रॉफ्यांसाठी वापरावं, असा ठराव एकमताने झाला. काटा एका मुलाच्या स्कूटरवरून रेजिनाबायकडे परत आला. त्यांनी तो पलंगाखाली ठेवला. मखमलीबद्दल त्या कोणाशी काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस त्यांच्या ओटीवर वर्दळ होती. येणारा इकडचं तिकडचं बोलून उठता उठता विचारी, "बाय, आमचं लुगडं कसलं होतं गो? पातळच असेल ना?" ज्या रेजिनाबायला कोणाच्या आजीच्या पदराला कुठे भोक होतं हेही आठवतं, त्या सगळ्यांना एकच उत्तर देत: "आता कुठलं आठवतंय." लोक समाधानाने परत जात. म्हातारीची स्मरणशक्ती गेली, म्हणजे हॉलात बोलली तेही त्यातलंच, असं गावाचं मत होत गेलं. ते सगळ्यांच्या सोयीचं होतं.

सहा महिन्यांनी नॅन्सी बँकेत परत गेली. पोर दिवसभर बर्थाकडे. बर्था तिला कडेवर घेऊन फाटकात उभी असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते, "जन्मतः नऊ पौंडांची होती. कंबर राहिली नाही माझी." परवा रेजिनाबाय तिथून चालल्या होत्या. बर्था म्हणाली, "बाय, जरा धर गो हिला, मला बाम लावू दे." रेजिनाबायने पोरीला घेतलं, एकदा तळहातावर पेलून बघितलं आणि म्हणाल्या, "हलकी आहे की गो. वयाच्या मानाने बरोबर आहे."

बर्थाने घाईने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं.